चिंधीचा उजेड

९ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून आता कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

रागावला असशील तर खुशाल राहा रागावलेला. मी समजूत काढायला लिहीत नाहीये. मला एकच विचारायचंय. चिंधीत तू चिमूट टाकली होतीस का? हो की नाही, एवढं सांग आणि मग परत मूग गिळून बस.

काल आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं काय अडलंय गं तुझं त्याच्यावाचून?" म्हटलं, चला, आज हिला सगळं समजावूनच सांगते. निदान माझ्या डोक्यातला गुंता तरी सुटेल.

मी सांगितलं की आमच्या दीर्घिका बुटक्या आहेत, जवळच्या आहेत, आणि नवे तारे जन्माला घालण्यात एकदम जोरात आहेत. त्या कोवळ्या ताऱ्यांचा उजेड इतका जहाल असतो की हायड्रोजनच्या अणूला लागला तर त्याचा इलेक्ट्रॉनच उडवून लावतो. पण दीर्घिकेत हायड्रोजन इतका ठासून भरलेला असतो की तो उजेड घरातल्या घरातच संपतो, बाहेर पडतच नाही. एखादीतून मात्र थोडा निसटतो. फार फार पूर्वी सगळ्या विश्वात हायड्रोजनचं धुकं होतं, ते असल्याच निसटलेल्या उजेडाने विरलं असं आम्हाला वाटतं. तेव्हाचं काही नीट दिसत नाही, म्हणून जवळच्या बुटक्या तपासतो.

"म्हणजे घरात न टिकणारी पोरं शोधताय," आई म्हणाली. "एक माझ्याकडेही होतं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग तिला चिमूट सांगितली. माणसाची नजर हवं तेच बघते, म्हणून आपल्या गटाचे मोठे सर दर खेपेला आपल्यातल्या एकाला चिमूट टाकायला बसवायचे, या खेपेला तुला. त्याने दूरच्या कोपऱ्यात बसून, कुणाला न सांगता, एखाद्या दीर्घिकेच्या कच्च्या आकड्यांत थोडा खोटा उजेड मिसळायचा. एकीत मिसळ, दोघींत मिसळ, नाहीतर कशातच मिसळू नको. कुठे मिसळलं ते त्याला आणि सरांना ठाऊक, कुठेही लिहून ठेवायचं नाही. बाकीच्यांनी आपलं मोजायचं. कुणी कुठल्या दीर्घिकेच्या प्रेमात पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

"मुद्दाम खोटं मिसळायचं? आणि वर पगार?" आई म्हणाली. मग निवडलेली जुडी बाजूला सारून, "आणि तू पडलीस प्रेमात."

पडले. दहा-बारा दीर्घिकांत एकटी चिंधी, फाटक्या फडक्यासारखी दिसणारी, आणि तिच्यातूनच उजेड ओसंडून बाहेर येतोय. सगळ्या मजल्याला तिचं नाव पाठ झालंय. मार्चमध्ये समिती बसणार आहे, मला कायम करायचं की निरोप द्यायचा ते ठरवायला, आणि माझ्याकडे दाखवायला चिंधीशिवाय काही नाही. सर गेले. मूळ आकडे त्यांच्या पासवर्डखाली होते, तो त्यांच्याबरोबर गेला. दुर्बिणीच्या केंद्राकडे नव्याने मागितलेत तर ते म्हणतात, उन्हाळ्यात बघू. म्हणजे आता जगात एकाच माणसाला माहीत आहे की चिंधी खरी का खोटी, आणि तो माणूस माझा सख्खा भाऊ असून माझ्याशी बोलत नाही. हसावं का रडावं तेही कळेना.

उत्तर पाठव.

भिंगरी


३ फेब्रुवारी

दादा,

आज वहिनीचा फोन आला. तिचं नाव दिसल्यावर मला वाटलं, सुटले एकदाची. तर ती म्हणते, "हे म्हणाले, आधी लिहून पूर्ण कर म्हणावं."

"आणि?"

"आणि काही नाही गं. मग कुंड्यांतली माती उकरत बसले."

याचा मी काय अर्थ काढायचा? टोमणा आहे का हा? लहानपणी मी अर्धवट टाकलेलं विणकाम, अर्धवट रंगवलेलं कपाट, अर्ध्यावर सोडलेलं पोहणं, सगळं तू आल्यागेल्याला दाखवायचास. "आमची भिंगरी. फिरते खूप, पोचत कुठेच नाही." तेच का हे? का खरंच काही सांगायचंय? मी दिवसभर एकदा असं आणि एकदा तसं धरून चालले, आणि दोन्हीकडे चिडचिडच झाली.

आता विषय निघालाच आहे तर तेही विचारते. मुलाखतीच्या दिवशी काय झालं होतं रे? जागा एक, अर्ज दोघांचे. घरातून एकत्र निघालो. मी जिना चढतेय तर तू उतरतोयस, टाय गळ्यातून काढून खिशात कोंबलेला. "जा, वाट बघतायत तुझी," एवढंच म्हणालास. वर गेले तर कळलं की तू अर्ज मागे घेतलास. महिन्याभरात बिऱ्हाड हलवलंस, आणि आता कुठल्याशा शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवतोस.

लोक म्हणाले, भावाने बहिणीसाठी जागा सोडली. पेढे खाऊन गेले आणि वर असं बोलून गेले. मला अजून समजत नाही की तुझे पाय धरावेत का तुझ्याशी कडाकडा भांडावं. सोडली असशील तर कुणी सांगितलं होतं तुला? मला तुझी भीक नको होती. आणि सोडली नसशील तर मग रुसून गेलास कशावर? मी कितीदा सगळं आठवून बघितलं, माझं काय चुकलं ते सापडत नाही. काहीतरी असेलच. तू उगाच निघून जाणाऱ्यातला नाहीस.

इकडे घाईसाहेब (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, त्याला सगळं कालच हवं असतं) माझ्या मागे लागलाय. चिंधीच्या उजेडात मध्येच एक छोटासा उंचवटा दिसतोय. बाकी कुठल्याच दीर्घिकेत तसा नाही. घाईसाहेब म्हणतो, नवाच प्रकार आहे, आपलं नाव होणार. मलाही तसंच वाटतं. मग वाटतं, असा उंचवटा असायचं काही कारणच नाही. मग परत वाटतं, म्हणूनच तर नवा.

डोक्याचं पार भजं झालंय. तू सांगितलंस तर सुटेन.

भिंगरी


२० फेब्रुवारी

दादा,

खवचटपणाने का होईना, तुझं ऐकलं. लिहायला बसले. सगळ्यात कंटाळवाणा भाग आधी उरकून टाकू म्हटलं, म्हणजे आकडे कसे साफ केले तो. जो मी कधीच लिहीत नाही, घाईसाहेबाच्या गळ्यात मारते.

त्यात प्लेटच्या डागांबद्दल लिहायचं होतं. वर्षानुवर्षं उजेड झेलून झेलून दुर्बिणीची प्लेट जिथे जिथे थकलीय ते डाग. तिथे पडलेला उजेड कमी मोजला जातो, म्हणून आपण तिथले आकडे नंतर थोडे वर उचलतो. आजवर मी चिंधीचा उजेड चिंधीच्याच मापाने काढत होते. या भागासाठी पहिल्यांदाच सगळ्या दीर्घिका प्लेटच्या मापाने काढल्या, कोणता उजेड प्लेटवर कुठे पडला तसं.

चिंधीचा उंचवटा मोठ्या डागावर बसलाय. बरोब्बर, डागाच्या कडेपासून कडेपर्यंत.

मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. उंचवटा तिथेच.

आधी वाटलं, डागांचा नकाशाच चुकलाय, आपण जास्तच उचलतोय. पण मग बाकीच्यांतही त्या जागी उंचवटा हवा. नाहीये. त्या सगळ्या तिथे सपाट आहेत. मग एकच उरतं. खरा उजेड डागावर पडून कमी होतो, आपण उचलला की सारखा होतो. आणि ज्या उजेडाने प्लेट कधी बघितलीच नाही, जो कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून नंतर मिसळला, तो डागावर कमी झालेलाच नसतो. त्याला आपण फुकटचं उचलतो. आणि वर नाचतो की नवा प्रकार सापडला म्हणून!

चिंधीत तुझी चिमूट आहे. आहे ना?

मी खूप रडले, दादा. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून. घाईसाहेबाला सांगितलं सर्दी झालीय. मुलाखतीत मी चिंधीबद्दलच बोलले होते. अजून पक्कं नाही असं म्हणत म्हणत सगळं तिच्यावरच बोलले, हात हलवून हलवून. म्हणजे ही खुर्ची, हे टेबल, आईला आणलेलं हे खिडकीवालं घर, सगळं तुझ्या चिमटीवर उभं आहे. एका खोट्या उजेडावर.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त छळतंय ते. त्या डागांचा नकाशा कुणी केला होता? तूच. मी नवीन होते, तुझ्या शेजारी बसून एकेक डाग आखत होते, आपण एकाच डब्यात जेवत होतो, आणि तू दर वेळी म्हणायचास, "मोठा डाग विसरलीस तर पस्तावशील." चिमूट टाकताना तो डाग तू विसरलास? तू? जो अजून माझी अर्धवट विणलेली टोपी विसरला नाहीस?

का मुद्दाम ठेवलास? कुणासाठी? तुझ्या-माझ्याशिवाय डागाशी कुणाचं एवढं देणंघेणं नसतं. मला काही म्हणजे काही कळत नाहीये.

भिंगरी


८ मार्च

दादा,

सोबत लेख आहे. पूर्ण लिहिलेला, शेवटच्या ओळीपर्यंत. उघडून बघ, आईशप्पथ पूर्ण आहे.

कारण काल वहिनीला मीच फोन केला. म्हटलं, तू तरी सांग, तो का गेला? ती आधी उडवाउडवी करत होती. मग म्हणाली, "तुझा जिभेवर ताबा नाही आणि ह्यांच्या तोंडाला कुलूप. मी बापडी दोघांच्या मध्ये." आणि मग सांगितलं.

तिला चिमूट वगैरे ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की त्या वर्षी आपण सगळे एका टेबलावर जेवायचो, मी बसल्याबरोबर चिंधीपुराण लावायचे, आणि तुझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. पान तसंच टाकून उठायचास. तिला वाटलं, पोटाचं काही आहे. डॉक्टरकडेसुद्धा नेलं तुला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तू तिला म्हणालास, "उद्या मला त्या खोलीत चिंधीबद्दल विचारतील. खरं सांगितलं तर नियम मोडेन. मोघम बोललो तरी माझ्या तोंडावरून कळेल. मग तिची मुलाखत काय राहिली?"

ती म्हणाली, "तुमचं ते जेवतानाचं पुराण मला कधी कळलंय? मला वाटलं चिंधी म्हणजे कुणी बाई आहे. मी आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नव्हते."

दादा, मी हसले आणि फोन ठेवल्यावर तशीच लेख उघडून बसले. एवढे दिवस मी तुझा राग शोधत होते. राग नव्हताच. तू मला सांगू शकत नव्हतास आणि बघूही शकत नव्हतास, म्हणून गेलास. आणि पत्राला उत्तर दिलं नाहीस ते रुसून नव्हे. लेख पूर्ण व्हायच्या आत चिमूट टाकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा सरांचा नियम. सर गेले, गट फुटला, तू शाळेत गेलास, आणि तरी तू तो पाळत बसलास! आणि मी नियम विसरून आधीच विचारत सुटले. वर म्हणते, टोमणा मारला. तुझं कौतुक करावं की तुला गदागदा हलवावं, हे अजून ठरत नाहीये.

मग आज सकाळी चहा गाळताना दुसरंच डोक्यात आलं. माझी मुलाखत घेणाऱ्यांत सरही होते. चिंधी खोटी आहे हे त्यांना माहीत होतं. माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तरीही मला निवडलं. मग त्यांनी नक्की काय निवडलं? हे विचारायला आता तेही नाहीत.

लेखातून चिंधी काढलीय. म्हणजे तिच्यावर एक परिच्छेद आहे, उंचवटा कसा सापडला आणि आम्ही तिला चिमूट का समजतो त्याचा. घाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नंतर येऊन म्हणाला, "चला, निदान आपलं मोजमाप तरी शाबूत आहे." त्याच्या मानाने फार मोठं मन.

आता लेखात काय उरलंय ते बघ. उरलीय ठेंगी. आठवते? बुटक्यांतली बुटकी, सगळ्यात शेवटी मोजलेली, जिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही कारण सगळे चिंधीकडे बघत होते. तिच्यातून अगदी कणभर उजेड येतोय. डागावर तो कमी होतो, उचलला की सारखा होतो, म्हणजे प्लेटवर पडलेला वाटतो. दुर्बीण पृथ्वीभोवती फिरताना उन्हात असते तेव्हा आपल्याच हवेची चमक आकड्यांत मिसळते, म्हणून मी फक्त सावलीतले आकडे ठेवले. तरी उरतोय. पण इतका थोडा, की कधी वाटतं आहे, कधी वाटतं माझ्या डोळ्यांनीच आणून ठेवलाय. आणि तू डागांचा उस्ताद. एकीत डाग विसरलास म्हणून दुसरीत विसरशीलच असं नाही. चिंधी दाखवायला ठेवून खरी चिमूट ठेंगीत टाकली असशील तर?

लेखात मी लिहिलंय की ठेंगीतून उजेड निसटतोय. सही केलीय. समिती एकवीस तारखेला आहे.

लिहून पूर्ण केलंय. आता नियमाने विचारते. कुठे कुठे टाकली होतीस?

भिंगरी


२२ मार्च

दादा,

तुझं कार्ड काल सकाळी मिळालं. मी समितीकडे निघाले होते, चपला घालत होते, आई म्हणाली तुझं अक्षर आहे. मी एका पायात चप्पल घालून जिन्यात उभी राहून वाचलं.

"फक्त चिंधीत. बाकी एकीलाही हात लावलेला नाही. डाग विसरलो होतो. पान चारवर एक आकडा चुकलाय."

एवढंच. एवढ्या दिवसांनी बहिणीला लिहितोस आणि त्यात आकडा चुकलाय! (चुकला होता. बदलला.)

ठेंगी खरी आहे, दादा. मी ते दोनदा, तीनदा वाचलं. एकीलाही हात लावलेला नाही, म्हणजे तो कणभर उजेड कुणी टाकलेला नाही. तो तिच्यातून निघून, वाटेत सगळं चुकवून, आपल्या थकलेल्या प्लेटवर येऊन पडलाय, आणि मी तो मोजलाय. आईला जिन्यातूनच ओरडून सांगितलं. तिने विचारलं, "कोण? कोण खरी?" शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं.

समितीसमोर चिंधी आधी सांगितली. फसले कशी, कळलं कसं, सगळं. एकाने कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाला, मुलाखतीत तर तुम्ही फार खात्रीने बोलला होता. म्हटलं, हो, बोलले होते. मग ठेंगी सांगितली. बाहेर बसवलं, आत बराच वेळ बोलत राहिले. शेवटी म्हणाले, मूळ आकडे येऊ देत, आणखी एक वर्ष बघू. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. आनंद करायचा का नाही तेही मला धड कळलं नाही. आईने निकाल लावला, "काढलं नाही ना? मग झालं तर." घाईसाहेबाने सगळ्यांना चहा पाजला.

आता तुझ्या तिसऱ्या वाक्याबद्दल. डाग विसरलो होतो म्हणे! खोटारडा कुठला. मग वाटतं, खरंच विसरला असशील, माणूसच आहेस. मग तुझं ते डब्यातला घास हातात धरून मोठ्या डागाबद्दल बोलणं आठवतं, आणि वाटतं, शक्यच नाही. तू आयुष्यात कबूल करायचा नाहीस आणि मला आयुष्यभर कळायचं नाही. असू दे. मी चिडलेली नाहीये. म्हणजे थोडी आहे.

तू शाळा सोड असं मी म्हणत नाही. वहिनी म्हणते पोरं तुझ्यावर खूश आहेत, आणि तुला आता भूक चांगली लागते. पण सुट्टीत ये. दोघंही या. आईने टेबलाची चौथी खुर्ची गॅलरीतून आत आणून पुसून ठेवलीय, कुणी काही सांगितलं नसताना. मी बसल्याबरोबर ठेंगीपुराण लावणार आहे, हात हलवून हलवून, तुमचे कान किटेपर्यंत. तू फक्त समोर बसून पोटभर जेव.

तुझी,
भिंगरी